झाकू नये असं बी

कार्तिक सरत आला होता. ऊन पिकून पातळ झालं होतं, जुन्या पितळी ताटाच्या कडेसारखं फिकट-सोनेरी. सिन्नरच्या पूर्वेकडं, जिथं ढग येतात ते नुसती सावली टाकून जायला, जिथं वारा बारा महिने कोरडा आणि माती बारा महिने तहानलेली, तिथल्या एका मळ्यातल्या घरामागं हे ऊन रोज सकाळी उतरायचं. डाळिंबाच्या पानांवरून घसरायचं, केळीच्या फाटक्या पानांतून गळायचं, आणि एका उघड्या जागेपाशी येऊन थबकायचं.

उजेडाला त्या जागेची ओळख नव्हती.

त्या जागेला उजेडाची ओळख नव्हती.

कारण या दिवाळीपर्यंत तिथं दगड होता. धुण्याचा दगड. काळाकभिन्न, रुंद-पाठीचा, म्हशीसारखा बसलेला. शेवंता लग्न होऊन या मळ्यात आली तेव्हा तो नव्हता. पहिलं बाळंतपण उरकून, भिंत धरत धरत ती परसात आली, तेव्हा तो होता. ओल्या बाळंतिणीला विहिरीवर जावं लागू नये म्हणून नवऱ्यानं बैल लावून ओढून आणला, असं वस्ती म्हणाली. काय बायकोवर माया, असंही म्हणाली. वस्तीला म्हणायला काय जातं?

त्या दगडावर शेवंतानं आयुष्य आपटलं. सासूची लुगडी आपटली, नवऱ्याची धोतरं आपटली, पुढं झालेल्या मुलाची दुपटी आपटली. आपटलं, पिळलं, झटकलं, वाळत घातलं. पुन्हा आपटलं. साबणाचं निळसर पाणी पन्हळातून उताराला लागायचं, केळीच्या बुंध्याशी जाऊन मुरायचं. दगडाखालची जागा मात्र कोरडीच राहायची. पाऊस तिथं शिरला नाही. ऊन शिरलं नाही. नजर शिरली नाही.

या दिवाळीला पुण्याच्या मुलानं धुण्याचं मशीन पाठवलं. मशीन मोरीत बसलं, गरगरायला लागलं, आणि परसातला दगड एकाएकी म्हातारा झाला.

शेजारच्या भागाबाईच्या तरण्या मुलांनी पहारी लावून तो बांधावर लोटून दिला. निवृत्ती, शेवंताचा नवरा, तेव्हा बाजाराला गेला होता. परतला, परसात आला, आणि उभ्या जागी त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. जणू कुणी घराचं छप्पर उचलून नेलं होतं.

"कोणी सांगितलं हलवायला?"

"मीच. आता धुतं कोण त्याच्यावर?"

"ठेवायला लाव परत."

"अहो, देव होता का तो?"

निवृत्तीनं डोक्यावर हात नेला. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग वाफ्याकडं न बघता म्हणाला, "तिथं काही लावू नको. साबणाचं पाणी मुरलेलं आहे. काही यायचं नाही."

माळ्याच्या तोंडी असे शब्द! ज्याचा बाप खडकावर मोगरा फुलवायचा, ज्यानं स्वतः मुरमाडात डाळिंब लावून दाखवलं, तो माणूस हातभर जागेला घाबरून म्हणतो, काही यायचं नाही.

शेवंतानं ऐकलं. आणि तिथंच लावायचं ठरवलं.

*

बी मोहिनीनं आणलं होतं. मोहिनी शेवंताची भाची, नाशकात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. बोटांवर भाजल्याचे डाग, बोलणं फटाकडं. भाऊबीजेला ती आली ती बियांची पुडी आणि एक वाळकी काडी घेऊन. चिमटीत चुरडली, आत्याच्या नाकाशी धरली.

"ओळख."

"ओवा."

"नाही. थाइम."

"कोणता टाइम?"

"आत्या, थाइम. गोऱ्यांचा मसाला. इवलं झुडूप असतं, जमिनीसरशी पसरतं. आमचे शेफ त्याच्यावर जीव टाकतात."

"मग ओव्याचाच भाऊ आहे तो. नाव बदलून विलायतेला गेलेला."

मोहिनी हसली. शेवंताही हसली. पण हसता हसता तिचा हात छातीवर गेला, आणि तिथंच राहिला.

कारण वास कुणाचा गुलाम नसतो. तो दार वाजवत नाही, जोडे काढत नाही. तो सरळ आतल्या खोलीत शिरतो आणि ज्याच्यावर पांघरूण घातलेलं असतं, ते पांघरूण उचलतो.

ओवा. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी. निखाऱ्यावर तडतडणारा ओवा, निळा, कडवट, डोळ्यांना झोंबणारा धूर. अंधाऱ्या खोलीत, सुतळीच्या बाजेवर, पोट बांधलेली, छाती बांधलेली, कूस रिकामी असलेली एक पोरसवदा बाई. बाळ नाही, तरी धुरी. बाळ नाही, तरी शेक. रीत म्हणजे रीत. रीतीला कुठं डोळे असतात?

*

तो वैशाख होता. माहेरी आई उरलेली नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही शेवंता सासरीच बाळंत झाली. भर दुपारी. रात्री नव्हे, वादळात नव्हे. भर दुपारी, जेव्हा सावली माणसाच्या पायाखाली लपते आणि कावळासुद्धा चोच वासून गप्प बसतो.

कळांच्या काळ्या डोहातून वर येताना तिनं एक रडणं ऐकलं. बारीक. ओलं. रागीट.

मग ग्लानीत गेली. पुन्हा वर आली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"मुलगी," सासू म्हणाली. "मेलेली आली."

"पण रडली."

"कोणी नाही रडलं."

आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून, गोठ्यातून, ते पुन्हा आलं. बारीक. ओलं. रागीट.

"ते काय मग?"

"मांजर आहे," सासू म्हणाली.

सबंध दुपार ते मांजर रडलं. भिंतीच्या पलीकडं ते रडायचं, भिंतीच्या अलीकडं शेवंताच्या चोळीला ओल फुटायची. मांजर रडलं की पान्हा. मांजर थांबलं की पान्हा थांबायचा. दूध खोटं बोलत नाही. पण दुधाची साक्ष कोण घेतो? सासूनं जुन्या लुगड्याची पट्टी काढली आणि छाती करकचून बांधली.

दिवेलागणीला मांजर गप्प झालं.

"कुठं नेलं तिला?" शेवंतानं विचारलं होतं. "ओढ्यापल्याड," असं उत्तर मिळालं. त्याहून जास्त सांगायचं नसतं. तान्हं मूल आपल्याच रानात पुरतात, पण जागा आईला दाखवत नाहीत. आईचा जीव तिथं घुटमळतो म्हणे. कूस पुन्हा धरत नाही म्हणे. तोंड दाखवत नाहीत, लळा लागतो म्हणे. पोटात ठेवून जिनं रक्त पाजलं तिला लळा लागायचा बाकी होता! याला लोक दया म्हणतात. दया नाही ही. चोरी आहे. आणि चोर घरचाच असला की गावात तिला रीत म्हणतात.

तेव्हापासून शेवंता ओढ्याकडं बघत आली. वैशाखात ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाऊन एक दिवा ठेवून येत आली. आणि तेव्हापासून, भर दुपारी कुठंही मांजर रडलं, की तिचे हात थांबायचे. दगडावर उगारलेला कपडा हवेत थांबायचा. मग निवृत्ती, असेल तिथून, गोठ्यातून, माळ्यावरून, डाळिंबाच्या ओळीतून, सांगायचा:

"मांजर आहे गं."

सासू मेली. बैल विकले गेले. गोठा पडला, त्या जागी मोरी झाली. वाक्य तेवढं राहिलं.

*

शेवंतानं वाफा केला. माती चाळली, रेती मिसळली, जुनं शेणखत मुठीनं चुरलं. पुडी फोडली आणि बी तळहातावर घेतलं. बी कसलं, उच्छ्वासानं उडेल अशी काळपट धूळ.

भागाबाई कुंपणावरून वाकली. "काय गं, बी पेरू राहिली का तपकीर सांडली?"

"विलायती ओवा आहे."

"मग त्याला मराठी कळतं का विचार आधी. नाहीतर बसशील हाका मारत."

शेवंतानं पेरलं. पेरलं तसं झाकलं. मेथीला झाकतात, कोथिंबिरीला झाकतात, गव्हाला, हरभऱ्याला झाकतात. माळ्याच्या सुनेचा हात, तो बी उघडं ठेवेल कसा? बोटभर माती लोटली, तळव्यानं थापली, वरून पाणी शिंपडलं. आणि वाट पाहिली.

काही आलं नाही.

निवृत्तीच्या चेहऱ्यावर एक विचित्र शांतता आली. पाऊस टळलेल्या खळ्यासारखी. "म्हटलं होतं ना," तो म्हणाला. हळू म्हणाला. जवळजवळ मायेनं म्हणाला.

शेवंतानं मोहिनीला फोन लावला. पलीकडं भांड्यांचा खणखणाट, कुणाच्यातरी नावानं आरोळ्या.

"झाकलं होतंस का आत्या?"

"मग? बी काय उघडं टाकतात?"

"अरे देवा! थाइमला झाकायचं नाही गं. इवला जीव असतो त्याचा, अंधारातून वर यायची ताकद नसते. त्याला उजेड दिसला पाहिजे, तर ते उगवतं. झाकलं की आतल्या आत मरतं."

झाकलं की आतल्या आत मरतं.

फोन बंद झाला तरी वाक्य बंद झालं नाही. ते चुलीपाशी आलं, भाकरीबरोबर तव्यावर फिरलं, मशीनच्या पोटात कपड्यांबरोबर गरगरलं. शेवंता परसात जाऊन त्या थापलेल्या, गुळगुळीत मातीकडं बघत राहिली. आपल्याच तळव्यांचे ठसे. आपल्याच हातांनी झाकलेलं.

उरलेली पुडी तिनं दुसऱ्या सकाळी काढली. बी कोरड्या रेतीत कालवलं. श्वास रोखून, चिमटीचिमटीनं, रांगोळी सोडावी तसं सोडलं. झाकलं नाही. नुसता हात ठेवला, तान्ह्याच्या टाळूवर ठेवावा तसा, दाबणार नाही असा. पाणी शिंपडलं ते बोटांच्या टोकांनी, दंवासारखं.

आणि ते उघडं बी, निर्वस्त्र, निराधार, निर्भय, मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात पडून राहिलं.

*

एका सकाळी वाफा हिरवा होता.

हिरवा म्हणजे काय, हिरव्याची अफवा. डोळे बारीक करून बघावं तर आहे, मोठे करून बघावं तर नाही. सुईच्या अणीएवढ्या देठांवर जोडी-जोडीनं पानं, इतकी इवली की त्यांच्यावर सूर्य आख्खा मावत नव्हता. शेवंता गुडघ्यावर बसली. हसली. पदराचा वारा लागू नये म्हणून पदर खोचला. मग तिची नजर वाफ्याच्या मधोमध गेली आणि हसू तिथंच थांबलं.

मधे काही नव्हतं.

चारी बाजूंनी हिरवं, मधे उघडी माती. विस्कटलेली नाही, तुटक नाही. रेखीव. लांबट. एका टोकाला थोडी रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. रांजणाएवढी मोठी नाही, मुठीएवढी लहान नाही.

पाळण्याएवढी.

आणि त्या मातीवर, पहाटेची ओल सुकता सुकता, एक पांढुरकी साय धरत होती. बाळाच्या ओठांवर सुकलेल्या दुधासारखी.

ऊन चढलं. सावल्या आखडल्या. कावळा गप्प झाला. शेवंतानं बोट पुढं केलं, ती पांढुरकी माती चिमटीत घेतली, आणि जिभेवर ठेवली.

खारट लागली.

तिला रीत ठाऊक होती. सगळ्या बायकांना ठाऊक असते, कुणी न सांगता. तान्ह्याला पुरतात तेव्हा खड्ड्यात मीठ घालतात. खाली मीठ, वर मीठ, पायलीपायलीनं. माती लवकर खाते, कोल्ही-कुत्री उकरत नाहीत. आणि वरून दगड ठेवतात.

वरून दगड ठेवतात.

तिचे हात तिच्यासमोर उताणे पडले होते. आपटणारे हात. पिळणारे हात. त्या हातांना सगळं एकदम आठवलं. प्रत्येक आपट. प्रत्येक धपका. सकाळी सकाळी, बांगड्या सरकवून, कंबर वाकवून, धाड्‌, धाड्‌, धाड्‌. आणि खाली, हातभर खाली, मिठाच्या कुशीत...

दुपार भांड्यासारखी रिकामी वाजत होती.

*

निवृत्ती बांधावरून आला. खांद्यावर कुदळ, टोपी घामानं डागळलेली. त्यानं बायकोला वाफ्याशी बसलेली पाहिली, तिच्या ओठांवरची माती पाहिली, आणि चार पावलं अलीकडंच थांबला.

"काय करू राहिली?"

"चाखा."

"काय?"

"माती. या, चाखा."

"येडी झाली का? सांगितलं ना तुला, साबणाचं पाणी..."

"साबणाचं पाणी पन्हळातून केळीला जायचं. केळी मेली का? साबण बुळबुळतो, तुरट लागतो. हे मीठ आहे. जन्म गेला माझा चुलीपुढं. मला मिठाची चव सांगू नका."

निवृत्तीनं कुदळ खाली ठेवली. पडली नाही, ठेवली. झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये तशी. मग तो खाली बसला. म्हातारा माणूस बसतो तसा नाही. भिंत बसते तसा.

"ओढ्यापल्याड म्हणाले होते," शेवंता म्हणाली.

तो वाफ्याकडं बघत राहिला.

"मी ओढ्यात दिवा लावत आले. तुम्ही बघत आलात. वात तुम्ही वळून द्यायचात मला."

त्यानं टोपी काढली, हातात घेतली.

"रडली होती ना?"

केळीचं एक पान वाऱ्यानं उभं फाटलं. मग निवृत्ती बोलला. इतक्या वर्षांची गंजलेली कडी काढावी तसा एकेक शब्द ओढत बोलला.

"रडली."

"किती वेळ होती?"

"दिवेलागणीपर्यंत."

"कोणापाशी?"

"माझ्यापाशी. गोठ्यात. माय म्हणाली, अपुऱ्या दिवसांची आहे, जगायची नाही. शेवंताला दाखवू नको, जीव अडकल, मग तीपण जाईल. मी म्हटलं, सिन्नरला नेतो, दवाखान्यात. माय म्हणाली, पोरीसाठी एवढ्या उन्हात गाडी जुंपतो का?"

"आणि बैल?"

"बैल..." त्याचा आवाज चिरकला. "बैल तिथंच होते. माझ्या शेजारी. रवंथ करू राहिले होते."

"आणि तुम्ही जुंपले नाहीत."

"नाही."

"दुसऱ्या दिवशी दगड ओढायला जुंपले."

"हो."

सांगायला हवं का की मुलगा असता तर बैल उधळले असते? सांगायला हवं का की उन्हाचं कारण ऊन नव्हतं? नको. बैलांनाही ते ठाऊक होतं.

"दूध मागत होती?" शेवंतानं विचारलं.

निवृत्तीनं आपला उजवा हात उचलला. त्याच्याकडं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "माझं बोट चोखत होती," तो म्हणाला.

भिंतीपलीकडं बोट. भिंतीअलीकडं पान्हा. मधे एक विटांची भिंत, एक म्हातारी आणि एक रीत.

शेवंतानं टाहो फोडला नाही. तिनं त्याला शिवी दिली नाही. वाफ्यात मुठी आपटल्या नाहीत. त्या मुठींनी आयुष्यभर पुरे आपटलं होतं. ती नुसती म्हणाली, आणि तिचा आवाज विळ्यासारखा बारीक होता:

"मला जन्मभर मांजर मांजर म्हणत आलात."

"सवय लागली गं."

"तुम्हाला लागली. मला नाही लागली."

ती उठली. गुडघ्यांची माती झटकली नाही.

"पाणी आणा."

"पिऊन घे, आत..."

"मला नाही. तिला. खारटलेल्या रानाला काय करतात? तुम्ही माळी ना? गोडं पाणी पाजतात. पाजत राहतात, मीठ खाली जाईपर्यंत. चर काढतात, खारं पाणी वाहून देतात. माहीत आहे ना? मग आणा. पाइप लावू नका, कोंब वाहून जातील. विहिरीचं आणा. हातानं आणा."

*

निवृत्तीनं पाणी आणलं.

त्यानं त्या पाळण्याएवढ्या जागेभोवती मातीची बारीक वरंबी घातली, भोवतालच्या हिरव्याला थेंब जास्त लागू नये म्हणून. खालच्या अंगाला चर काढला. आणि मग विहीर ते वाफा, वाफा ते विहीर. वाकलेली पाठ, दोन्ही हातांत घागरी, पायांत काटे. सकाळी आणलं, दुपारी आणलं, संध्याकाळी आणलं. मातीनं पाणी प्यालं, पुन्हा मागितलं. माती किती पिते! माती, जी हाक मारत नाही. माती, जी विसरत नाही. माती, जी पोटातलं पोटात ठेवते आणि एक दिवस पांढरं करून ओठांवर आणते.

भागाबाईनं कुंपणावरून विचारलं, "निवृत्तीभाऊ, तिथं विहीर भरायला काढली का दुसरी?" त्यानं हातातली घागर ओतली. तिनं शेवंताच्या तोंडाकडं पाहिलं, चराकडं पाहिलं, बांधावर उपडा पडलेला दगड पाहिला. तीही बाई होती. तिनं तोंडाला पदर लावला. दुसऱ्या सकाळी कुंपणापाशी तिची एक भरलेली कळशी होती, नि ती स्वतः नव्हती.

निवृत्तीला कुणी माफ केलं नाही. लोकांना आवडतं ते, की शेवटी बाईनं माफ केलं. शेवंतानं केलं नाही. भाकरी वाढली, चहा दिला, अंथरूण घातलं. माफ केलं नाही. तोही मागायला आला नाही. फक्त पाणी आणत राहिला. आणि रोज सांजेला शेवंता वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवत राहिली.

खारट. खारट. अजून खारट.

आसवांइतकी खारट.

त्याहून थोडी कमी.

आणि माघ लागला, हरभरे घाटे धरू लागले, डाळिंबाला पहिली लाल कळी लागली, तेव्हा एका सांजेला तिनं माती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मातीला मातीची चव होती. फक्त मातीची. जगातली सगळ्यात जुनी, सगळ्यात गोड चव.

पुडीच्या घडीत थोडं बी चिकटून राहिलं होतं. शेवंतानं ते नखानं सोडवलं. निवृत्ती कडेला उभा होता. तिनं त्याच्याकडं न बघता हात पुढं केला आणि अर्धं बी त्याच्या त्या उजव्या हातावर ठेवलं.

"टाका," ती म्हणाली. "आणि झाकू नका."

त्यानं हात तिरपा केला. बी पडलं. जिथं पडायचं तिथं पडलं. सवयीनं त्याचा तळवा माती लोटायला वळला, माळ्याचा तळवा, बापाचा तळवा, पुरणाऱ्याचा तळवा. वळला, हवेत अडला, आणि तसाच मागं आला.

*

फाल्गुनात भोवतालचा थाइम दाट झाला. जमिनीशी लगटून सरकणारा, राखी-हिरवा, दाटीवाटीचा, कुणाच्या पायाखाली न येताही घमघमणारा. चारी बाजूंनी तो मधल्या जागेकडं सरकत आला, आणि वरंबीपाशी थांबला. जणू दुपट्याची किनार.

आणि मधे, किनारीच्या आत, काहीतरी होतं. विरळ होतं. फिकं होतं. बहिणींहून मागून आलेलं, बहिणींहून अशक्त. इथं एक, तिथं दोन. मेलेल्याचं जिवंत होणं नव्हे ते. तसं होत नाही, आणि तसं होतं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करावीत. मुलगी मेली. भर दुपारी, बैलांशेजारी, एक बोट चोखत मेली. हे त्या हिरव्यानं पुसलं नाही. पण तिची जागा आता जागा होती. ओढ्यापल्याड नव्हती, दगडाखाली नव्हती, कुणाच्या जिभेमागं नव्हती.

दुपार भरली. सावल्या पायाखाली आल्या. कावळा गप्प झाला. शेवंता वाफ्याशी बसली होती, निवृत्ती विहिरीकडून येत होता, हातात घागर, घागरीत हिंदकळणारा सूर्य.

आणि कुठूनतरी, केळीच्या मागून की पडक्या गोठ्याच्या जागेतून, ते आलं.

बारीक. ओलं. रागीट.

शेवंताचे हात थांबले.

निवृत्ती थांबला. त्याचे ओठ उघडले. जुनं वाक्य दारापर्यंत आलं, उंबऱ्यावर उभं राहिलं. त्यानं ओठ मिटले. घागरीतलं पाणी त्याच्या पायांवर सांडत राहिलं.

ते पुन्हा आलं. मांजर असेल. असेलच मांजर. पण या वेळी त्या परसात कुणी तसं म्हणालं नाही.

शेवंता पुढं वाकली. बांगड्या सरकल्या, पदर घसरला, केसांतलं पांढरं उन्हात चकाकलं. आणि जन्मभर गळ्यात अडकलेली ओ तिनं दिली.

"आले गं, माय. आले."

वर ऊन होतं. पातळ, पिकलेलं, फिकट-सोनेरी. डाळिंबावरून घसरलं, केळीतून गळलं, वाफ्यापाशी आलं, आणि थबकलं नाही. ओळखीच्या घरात शिरावं तसं आत शिरलं, किनार ओलांडून, वरंबी ओलांडून, इवल्या इवल्या हिरव्या पापण्यांवर टेकलं.

कुणी झाकलं नाही.

कुणी झाकलं नाही.